घरच्या पोहण्याच्या तलावातील चिवट शेवाळ रोखण्यासाठी काय करावे

शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू वारा, पाऊस, पालापाचोळा आणि पोहण्याचे कपडे यांच्याबरोबर तलावात सतत येत असतात आणि ते अडवणे कोणालाही शक्य नाही. मात्र ते तेथे रुजू न देणे आपल्या हातात असते. औषध टाकल्यावर पाणी स्वच्छ होते आणि काही दिवसांतच भिंती पुन्हा बुळबुळीत लागू लागतात, ही तक्रार ज्यांची आहे त्यांच्या तलावात बहुधा औषध कमी पडत नसते. त्या औषधाला काम करू न देणारे काहीतरी पाण्यात असते, किंवा ते पोहोचतच नाही असा एखादा कोपरा शिल्लक राहिलेला असतो.

सर्वप्रथम शेवाळ कोणते आहे ते ओळखावे. हिरवे शेवाळ पाण्यात तरंगते आणि तुलनेने लवकर मरते. पिवळसर शेवाळ सावलीतील भिंतीवर बारीक मातीसारखे बसते, ब्रश फिरवला की धुरळ्यासारखे उठते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेथेच जमा होते. काळे ठिपके प्रत्यक्षात सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचे असतात. ते सिमेंटच्या खडबडीत गिलाव्यात घट्ट धरून बसतात आणि वरचा थर त्यांचे क्लोरीनपासून रक्षण करतो.

त्यानंतर पाण्याची तपासणी करावी, आणि येथे घाई करू नये. मुक्त क्लोरीन (अजून काम करू शकणारा क्लोरीन), पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा) आणि सायन्युरिक आम्ल, म्हणजेच क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा स्टॅबिलायझर, हे तीन आकडे एकत्र वाचल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. क्लोरीनचा जो भाग शेवाळ मारतो तो पीएच साधारण ७.५ असताना निम्मा असतो आणि पीएच ८ वर गेला की जेमतेम पाव उरतो. म्हणून पीएच ७.२ ते ७.६ दरम्यान राखावा. एकूण क्षारता, म्हणजे पीएचमधला बदल रोखण्याची पाण्याची क्षमता, ८० ते १२० पीपीएम (दहा लाख भागांतील भाग) असेल तर पीएच सहसा एकाएकी हलत नाही.

स्टॅबिलायझरचे गणित याहून फसवे आहे. तो अजिबात नसेल तर कडक उन्हात क्लोरीन काही तासांतच उडून जातो, म्हणून उघड्या तलावात तो ३० ते ५० पीपीएम असणे हिताचे असते. मात्र हाच पदार्थ क्लोरीनला धरूनही ठेवतो, आणि तो जितका वाढेल तितका क्लोरीन जास्त लागतो. मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या सुमारे साडेसात टक्क्यांपेक्षा खाली जाऊ देऊ नये, असा व्यवहारातील अंदाज आहे: स्टॅबिलायझर ४० असेल तर किमान ३ पीपीएम, आणि १०० असेल तर किमान ७.५. तपासणीच्या पट्टीवर २ पीपीएमचा रंग ‘योग्य’ म्हणून छापलेला असतो, पण स्टॅबिलायझर जास्त असलेल्या तलावात पाणी त्याच आकड्यावर हिरवे होत असते. स्टॅबिलायझरचा साठा वाढतो तो नेहमीच्या ट्रायक्लोर गोळ्यांमुळे, ज्यांत क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझरही असतो. या गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन दिला की सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे राहते, आणि ते उन्हाने किंवा क्लोरीनने सहजासहजी नष्ट होत नाही. ते फार वाढले असेल तर पाण्याचा काही भाग काढून ताजे पाणी भरणे हाच खात्रीचा उपाय आहे. निम्मे पाणी बदलले की प्रमाणही निम्मे होते. तलाव पूर्ण रिकामा मात्र करू नये, कारण भूजलाची पातळी वर असेल तर खालच्या दाबाने रिकामा तलाव उचलला जाऊ शकतो. यानंतर रोजच्या वापरासाठी स्टॅबिलायझर नसलेला द्रवरूप क्लोरीन वापरणे सोयीचे ठरते.

पाण्यात शेवाळ अजून जिवंत आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नये. सूर्यास्तानंतर मुक्त क्लोरीन मोजावा, रात्री काहीही टाकू नये आणि सूर्य उगवण्यापूर्वी पुन्हा मोजावा. रात्री ऊन क्लोरीन खात नाही; म्हणून एक पीपीएमपेक्षा अधिक घट झाली असेल तर पाणी नितळ दिसत असले तरी शेवाळ किंवा अन्य सेंद्रिय घाण शिल्लक आहे असे समजावे.

तसे आढळल्यास प्रथम ब्रश हातात घ्यावा, औषधाचा डबा नंतर उघडावा. शिडीच्या मागची बाजू, दिव्याच्या चौकटीमागची पोकळी, स्किमरचे (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेचे) तोंड, पायऱ्यांचे कोपरे आणि सावलीतील भिंत येथे पाणी फारसे फिरत नाही, आणि शेवाळ नेमके तेथूनच परत पसरते. काळ्या ठिपक्यांसाठी स्टीलचा ब्रश लागतो, पण तो फक्त सिमेंटच्या गिलाव्यावर चालवावा. व्हिनाइल किंवा फायबरच्या पृष्ठभागावर नायलॉनचाच ब्रश घ्यावा. पाणी परत सोडणारी तोंडे किंचित खाली आणि एकाच दिशेने वळवली की संपूर्ण तलावात संथ फेरा तयार होतो आणि निपचित कोपरे कमी होतात.

ब्रश झाल्यावर पीएच ७.२ च्या आसपास आणून, संध्याकाळी क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी आणि पंप रात्रभर चालू ठेवावा. एकदाच ओतून वाट पाहण्यापेक्षा वाढवलेली पातळी टिकवणे महत्त्वाचे असते. वर सांगितलेली रात्रीची घट एक पीपीएमच्या आत येईपर्यंत रोज मोजून भर घालावी. या काळात फिल्टर लवकर तुंबतो, म्हणून वाळूच्या फिल्टरवरील दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयने (दाबाचे एकक) वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून फिल्टर धुवावा. पिवळे शेवाळ असेल तर पोहण्याचे कपडे, खेळणी आणि ब्रशदेखील धुऊन घ्यावेत, नाहीतर तेच पुन्हा बीज आणतात.

क्लोरीनचे दोन प्रकार कधीही एकत्र मिसळू नयेत, एकासाठी वापरलेले माप दुसऱ्यात बुडवू नये आणि क्लोरीन व आम्ल जवळजवळ साठवू नये. यातून विषारी वायू, आग किंवा स्फोटही होऊ शकतो. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. क्लोरीनची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत उतरेपर्यंत कोणीही पोहू नये.

शेवाळनाशकांना मी दुय्यम मानतो. तांब्यावर आधारित प्रकार भिंतीवर डाग पाडू शकतात आणि फिक्या केसांना हिरवट छटा देऊ शकतात, तर काही स्वस्त प्रकारांनी पाण्याला फेस येतो. पॉलिक्वाट या तांबे नसलेल्या शेवाळनाशकात हे दोन्ही दोष सहसा नसतात. घरचे सगळे काही आठवडे बाहेर जाणार असतील तेव्हा तो उपयोगी पडतो, पण उतरलेल्या क्लोरीनची जागा तो घेऊ शकत नाही.

एरवी आठवड्यातून एकदा सर्व भिंतींवर ब्रश फिरवावा आणि क्लोरीन व पीएच आठवड्यातून किमान दोनदा मोजावेत. कडक उन्हाच्या दिवसांत, मुसळधार पावसानंतर आणि बरेच जण पोहून गेल्यावर ही तपासणी त्याच संध्याकाळी करावी.