अमेरिकेत नोकरीतला भेदभाव सिद्ध करायचाय? या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाला प्रमोशनमध्ये डावललं की तो आधी एचआरकडे जातो. जावंच, पण उत्तराची वाट पाहत बसू नये. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या ‘ईईओसी’ या सरकारी आयोगाकडे १८० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. राज्याची स्वतंत्र यंत्रणा असेल तिथे ३०० दिवसांत. रिक्स खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुदत निर्णय कळल्या दिवसापासून मोजायची आणि कंपनीतलं अपील चालू आहे म्हणून ती थांबत नाही. बाजू खरी असूनही केवळ तारखेपायी ती ऐकलीच जात नाही, याची मला फार चीड येते.

दुसरी चूक पुराव्याची. मॅकडॉनल डग्लस खटल्याने (१९७३) क्रम घालून दिला: आधी तुम्ही प्राथमिक बाजू मांडायची, म्हणजे भेदभावाची शंका यावी इतपत पुरावा द्यायचा, मग कंपनीने कारण द्यायचं, मग ते कारण बनाव आहे हे तुम्ही दाखवायचं. इथे अनेकांना वाटतं, कारण खोटं ठरलं की जिंकलो. तसं नाही. हिक्स निकालानुसार (१९९३) खोटं पकडलं तरी निकाल आपोआप तुमच्या बाजूने लागत नाही. रीव्ह्ज निकालाने (२०००) मात्र दिलासा दिला, की त्या खोटेपणावरून ज्युरी भेदभावाचा निष्कर्ष काढू शकते.

म्हणून तुलना नेमकी हवी. समजा, मॅनेजर म्हणतो, ‘तुम्हाला टीम सांभाळता येत नाही.’ मग त्यानेच लिहिलेली जुनी अप्रेझल्स काढा. त्याच्याच हाताखाली, त्याच पदावर, तसंच काम करणाऱ्या कोणाला बढती मिळाली आणि त्याचे शेरे काय होते, ते शेजारी मांडा. ‘आमच्याशी सगळे असेच वागतात’ या वाक्याने कोर्टात काही सिद्ध होत नाही.

पण पुराव्याच्या नादात कंपनीची गोपनीय कागदपत्रं घरी नेऊ नका. मॅकेनन खटल्यातल्या (१९९५) बाईंनी नेमकं तेच केलं होतं. त्यांचा दावा टिकला. पण अशा गैरवर्तनासाठी कंपनीने कामावरून काढलंच असतं हे सिद्ध झालं, तर नोकरी परत मिळण्याचा मार्ग सहसा बंद होतो, असं कोर्टाने सांगितलं.

सूडाची कारवाई आणि मूळ भेदभाव यांची गल्लतही नको. मूळ दाव्यात वंश किंवा धर्म हे एक कारण होतं, एवढं दाखवणं पुरतं. तक्रार केल्याचा सूड सिद्ध करायचा, तर ‘तक्रार नसती तर हे घडलंच नसतं’ इथपर्यंत जावं लागतं (नासर, २०१३).

व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक भेद ओळखावा. मूळ देशावरून केलेल्या भेदभावाविरुद्ध या कायद्याखाली दाद मागता येते. निव्वळ नागरिकत्वावरून केलेल्या भेदभावाविरुद्ध मागता येत नाही, हे एस्पिनोझा निकालाने (१९७३) ठरवलं.

आणि पगार तोच ठेवून बदली केली, म्हणून गप्प बसू नका. मल्ड्रो निकालापासून (२०२४) नोकरीच्या अटींमध्ये काही नुकसान झालं, एवढं दाखवलं तरी चालतं. ते मोठं असण्याची अट राहिलेली नाही.