मोंबासाच्या किनाऱ्यावर मिशनसेवेला जाताना: पहिल्या महिन्यात बस्तान कसं बसवायचं

केनियाच्या किनाऱ्यावर, म्हणजे मोंबासा, किलिफी, रबाई या पट्ट्यात सेवेला जाणाऱ्याने पहिला महिना संदेश देण्यासाठी ठेवूच नये. पाणी, चूल, फोन आणि रामराम-नमस्कार एवढं अंगवळणी पडेपर्यंत यजमान मंडळीला तुमचीच सेवा करावी लागते.

निघण्याआधी कागदांचं पाहा. पर्यटकाच्या ईटीएवर (ऑनलाइन मिळणाऱ्या प्रवास-परवानगीवर) जाऊन सेवा करणं, मग ती बिनपगारी का असेना, नियमात बसत नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी ‘क्लास आय’ परवाना असतो, थोड्या मुदतीसाठी ‘स्पेशल पास’. दोन्हींसाठी यजमान चर्चचा पाठिंबा लागतो, म्हणून परवाना हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल तर परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, तीही प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, कारण दाखला त्यानंतरच लागू होतो. हे पिवळं कार्ड खरं कामाला येतं ते परतताना. ते नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड पासपोर्टातच ठेवा, चेक-इन बॅगेत नको.

सामान बांधताना प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा घरीच ठेवा, तिथे २०१७ पासून बंदी आहे. विजेचा दाब आपल्यासारखाच, पण प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात. दोन अडॅप्टर आणि आपल्याकडचा एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळ्या घराचं भागतं. प्रेशर कुकर न्या, सोबत दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह.

पोचल्यावर पहिलं काम सिमकार्ड. ते पासपोर्ट दाखवून तुमच्याच नावावर घ्या, कारण त्याच नंबरावर एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सेवा, चालू होतं. २००७ पासून चाललेल्या या सेवेवर भाजीवालीपासून चर्चच्या दानापर्यंत सगळे व्यवहार होतात. दुकानात ‘टिल’ नंबर, बिलासाठी ‘पेबिल’, आणि रोकड हवी तर एजंट. पाठवण्याआधी पडद्यावर समोरच्याचं नाव येतं, ते वाचल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका. ‘चुकून तुम्हाला पैसे आले, परत करा’ असा मेसेज नवख्यांना हमखास येतो. अशा वेळी मेसेजवर विसंबू नका, आधी शिल्लक तपासा. पैसे खरंच आले असतील तरी स्वतः परत पाठवू नका, पाठवणाऱ्याला कंपनीकडून व्यवहार उलटवून घ्यायला सांगा.

आता पाणी. नवीन माणसं सगळ्यात जास्त आजारी पडतात ती इथेच. किनाऱ्यावर नळ रोज येईलच असं नाही. बऱ्याच भागांत हातगाडीवाले २० लिटरचे कॅन आणून देतात, आणि विहिरी-बोअरचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ असतं. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही. म्हणून कॅन वेगळे ठेवा: धुण्या-आंघोळीचे एका रंगाचे, पिण्या-स्वयंपाकाचे दुसऱ्या रंगाचे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर धरा, म्हणजे दोघांना एक कॅन दोन दिवस पुरतो. गढूळ पाणी आधी चौघडी कापडातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. क्लोरीन वापरत असाल तर बाटलीवरच्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, गाळणं टाळून चालणार नाही. इतकं करूनही पोट बिघडतं ते बहुतेक वेळा साठवणीमुळे: उघडी बादली, आणि त्यात बुडणारा प्रत्येकाचा पेला. अरुंद तोंडाचं, तोटीचं भांडं घ्या.

स्वयंपाकाला ‘मेको’ घ्या: ६ किलोचा सिलिंडर आणि त्याच्याच डोक्यावर बर्नर. आपला रेग्युलेटर तिथे बसेलच असं नाही, नेऊ नका. कोळशाची ‘जिको’ स्वस्त पडते, पण ती अंगणातच पेटवायची. बंद खोलीत तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पोळ्यांसाठी ‘आटा मार्क १’ मागा. नुसतं गव्हाचं पीठ मागितलं तर मैद्यासारखं हातात पडतं. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच: उकळत्या पाण्यात पीठ थोडं थोडं घालत लाकडी उलथन्याने दाबत घोटायचं. पीठ एकदम ओतलं की गुठळ्या होतात, आणि लवकर उतरवलं की कच्चट लागतं. नारळाच्या दुधातली ‘म्बाझी’ म्हणजे तूरच, त्यामुळे डाळीची आठवण फार छळत नाही.

वेळेचा घोटाळा मात्र पहिल्याच रविवारी होतो. स्वाहिली घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं. ‘सा मोजा’ म्हणजे सात, ‘सा न्ने’ म्हणजे दहा. बोलून ठरवलेल्या वेळेत सहा तास मिळवा आणि सकाळ की रात्र ते विचारून घ्या. इंग्रजीत छापलेल्या सूचनांमध्ये बहुधा नेहमीचीच वेळ असते.

वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणा, उत्तर ‘मराहाबा’ येईल. कुणाच्या दारात ‘होदी’ म्हणून थांबा, ‘करिबू’ ऐकल्यावरच आत जा. चर्चमध्ये ‘ब्वाना असिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) म्हटलं की उत्तर ‘आमेन’. पाहुण्यांना उपासनेत उभं करून बोलायला लावतात, त्यासाठी तीन वाक्यं पाठ ठेवा. नाशिकचे असाल तर ते जरूर सांगा. शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले मुक्त आफ्रिकी गुलाम १८७० च्या दशकात मोंबासाजवळच्या फ्रेरे टाऊनमध्ये जाऊन वसले, आणि त्या भागातल्या चर्चच्या पायाभरणीत त्यांचा मोठा हात होता. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, सलवार-कुर्ता उत्तम. यजमान पाळकांना विचारल्याशिवाय रस्त्यात पत्रकं वाटू नका, त्याचा ताप तुम्ही परतल्यावर त्यांना होतो. पैशांचंही तसंच. मदत मागणारे पहिल्याच आठवड्यात येतील, त्यातले बरेच खरे गरजू असतील. तरी मदत मंडळीच्या समितीमार्फतच द्या. परस्पर दिलेल्या शंभर शिलिंगांनी गल्लीत हेवा पेरला जातो आणि समितीचा शब्द हलका होतो.

राहता राहिला मलेरिया. किनाऱ्यावर तो वर्षभर असतो, आणि मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपॅरम प्रकार तिथे जास्त. औषधी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. प्रतिबंधक गोळी कोणती ते डॉक्टरच ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर भरपूर पाण्यासोबत घ्या, लगेच आडवे होऊ नका (अन्ननलिका भाजते), आणि उन्हात अंग झाका. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. घरी आलो म्हणून ती सोडली, मग ताप आला आणि गल्लीतल्या दवाखान्यात ‘व्हायरल’ म्हणून सोडून दिला, असं सर्रास होतं. परतल्यानंतर काही महिने कुठलाही ताप आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: केनियाच्या किनाऱ्यावर राहून आलोय, मलेरियाची तपासणी करा.