तिसऱ्या इंटरव्हललाच पाय सुटतात? आधी आकडा तपासा

सायकलिंगच्या सरावाच्या प्लॅनमध्ये मंगळवारी लिहिलेलं असतं: ३ मिनिटांचे ५ जोरदार इंटरव्हल, म्हणजे जोर मारायचे टप्पे, मधे ३-३ मिनिटं हलकं. पहिले दोन निघतात, तिसऱ्याला मांड्या भरून येतात आणि चौथ्याला पायडल फिरता फिरत नाही. मग घरी येऊन आपण स्वतःलाच शिव्या घालतो. माझे दोन महिने यात गेले. चूक बहुतेक वेळा मंगळवारच्या आधीच झालेली असते. ती अशी शोधा.

पहिला संशय एफटीपीवर घ्या, म्हणजे साधारण तासभर टिकेल त्या ताकदीच्या आकड्यावर. प्लॅनमधले सगळे वॉट त्यावरच बेतलेले असतात. रॅम्प टेस्टमध्ये, म्हणजे वॉट टप्प्याटप्प्यानं वाढवत पाय थकेपर्यंत चालवायच्या चाचणीत, शेवटच्या मिनिटाच्या वॉटचे ७५ टक्के धरतात. ज्याचा छोटा दम दांडगा, त्याचा आकडा यात फुगतो. समजा टेस्टने २२० दिले आणि खरा एफटीपी २०५ आहे. एफटीपीच्या ११५ टक्क्यांचा इंटरव्हल २३६ वॉटला व्हायला हवा, तुम्ही तो २५३ ला मारताय. म्हणजे खऱ्या हिशोबाने १२३ टक्के! असे पाच कोण काढणार? पाय ताजे असताना एफटीपीवर सलग अर्धा तासही टिकत नसेल, तर आकडा ५ टक्क्यांनी खाली आणा. मानाला लागतं, पण आणा.

मग पोट बघा. पहाटे साडेपाचला नुसत्या चहावर जोरदार इंटरव्हल होत नाहीत, कारण असा जोर मुख्यतः साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे कर्बोदकांवर चालतो. आदल्या रात्री भात-भाकरी नीट जेवा. निघायच्या अर्धा तास आधी एक-दोन केळी खा. बाटलीत ३०-४० ग्रॅम साखर, चिमूट मीठ आणि लिंबू टाका. मिसळ नंतर. आधी खाऊन चढ चढायचा प्रयोग मी केलाय, तुम्ही करू नका.

आता रविवार. कोल्हापूरकरांचं खरं दुखणं इथं आहे. ‘हलकी राईड’ म्हणून ग्रुप निघतो, केर्लीपर्यंत गप्पा चालतात आणि जोतिबाचा चढ लागला की कुस्तीच सुरू होते. कुणी मागं राहायला तयार नाही. प्लॅनमधली हलकी राईड म्हणजे चढावरही पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. जमत नसेल तर एकटे जा. आठवड्यात जोरदार दिवस दोनच ठेवा आणि त्यांच्यात किमान ४८ तास जाऊ द्या.

एवढं करूनही त्या दिवशी अडलात तर क्रम असा ठेवा. आधी वॉट ५ टक्के कमी करा. तरी जमेना तर मधली विश्रांती दोन मिनिटांनी वाढवा. तरीही पाय हलेनात, तर वीस मिनिटं हलके पायडल मारून घरी या. पहिला इंटरव्हल मात्र ‘अजून जमलं असतं’ असं वाटेल इतपतच मारा. हृदयाचे ठोके मागाहून चढतात, त्यामुळे पहिल्या मिनिटात ते बघून जोर वाढवू नका. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

जागाही जपून निवडा. पहाटेचा रंकाळा फिरायला येणाऱ्यांचा, तिथं इंटरव्हल नकोत. पन्हाळ्याची चढण बरी: तीन मिनिटं वर, मग हळू खाली.

पावसाळ्यात घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या यंत्रावर, बसलात तर समोर मोठा पंखा हवाच, नाहीतर उष्म्यानंच दम निघतो. ट्रेनर वॉट आपोआप धरून ठेवत असेल तर कॅडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) पडला की तो आणखी जड होतो आणि पाय अडकतात. इंटरव्हल सुरू व्हायच्या पाच सेकंद आधीच कॅडन्स ९० च्या वर न्या. तरीही अडकलात तर तो मोड बंद करून गिअरवर चालवा.