स्तनाचा कॅन्सर आणि मन: आम्ही केलेल्या या चुका तुम्ही टाळा

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. घरी येऊन मी तो गव्हाच्या डब्यामागे सरकवला आणि मेथी निवडायला बसले. सासूबाईंना सांगितलं, "साधी गाठ आहे, काढून टाकतील." पुढचे तीन आठवडे नवरा आणि मी सोडून घरात कुणाला काही माहीत नव्हतं. निदान आमचा तसा समज होता.

त्याला आता सात वर्षं झाली. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), गोळ्या यांचं डॉक्टर नीट समजावून सांगतात. मनाचं काय करायचं, हे मात्र आम्हा बायकांना एकमेकींकडूनच शिकावं लागलं. केमोच्या खुर्चीवर शेजारी बसलेल्या, नंतर मदत गटात भेटलेल्या बायकांच्या आणि माझ्या स्वतःच्या चुका इथे लिहिते आहे.

घरच्यांपासून, विशेषतः मुलांपासून लपवणं

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती कुशीत आलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बराच वेळ पाठीवरून हात फिरवल्यावर म्हणाली, "आई, खेळताना माझं कोपर लागलं होतं ना तुला, म्हणून झालं का?" तीन आठवडे हे ओझं घेऊन ती शाळेत जात होती.

बंद दारामागची कुजबुज, फोनवर खाली येणारा आवाज मुलं बरोबर टिपतात. खरं कळलं नाही की स्वतःलाच दोषी ठरवतात. त्यांना फार सांगावं लागत नाही. आजाराचं नाव सांगा. तो कुणाच्या लागण्यामुळे, भांडणामुळे झालेला नाही आणि स्पर्शाने पसरत नाही, हे सांगा. आईचे केस जातील, ती काही दिवस दमलेली असेल आणि शाळेतून आणायला कोण येईल, हेही सांगा. "मला काहीच होणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. "डॉक्टर चांगले उपचार करताहेत आणि जे होईल ते मी तुला सांगेन" हे वचन पाळता येतं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून डबे मी करीन." त्यांना तीन आठवडे लांब ठेवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

'माझंच काहीतरी चुकलं' असं धरून बसणं

घट्ट ब्रा, डिओडरंट, छातीला लागलेला मार यांमुळे कॅन्सर झाला, याला पुरावा नाही. घराण्यातून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे स्तनाचे कॅन्सर साधारण ५ ते १० टक्केच असतात. बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. तरी भेटायला येणारी माणसं कारण शोधतात, आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नातून आपल्याला एक नवा आरोप ऐकू येतो. तुम्हाला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. "डॉक्टरांनी जास्त बोलायला नको सांगितलंय" हे वाक्य माझ्या फार कामी आलं.

रडू दाबून हसत राहणं

"पॉझिटिव्ह राहा" हे मी किती वेळा ऐकलं असेल! सांगणाऱ्याची माया खरी असते, पण ऐकणारीला मग घाबरायचीही चोरी होते. आमच्या गटातली एकजण न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आपण रडलो तर आजार वाढेल, अशी भीती तिला कुणीतरी घातली होती. रडल्यामुळे किंवा काळजी केल्यामुळे कॅन्सर वाढतो वा परत येतो, असं सिद्ध झालेलं नाही. मनमोकळं रडा. फक्त जिच्यासमोर रडायचं ती सल्ले न देता ऐकणारी असावी.

रात्री मोबाईलवर आजाराची माहिती शोधत बसणं ही याचीच दुसरी बाजू. तिथले आकडे कुठल्या टप्प्याच्या, कुठल्या प्रकारच्या रुग्णांचे आहेत हे कळत नाही, आणि आपण सगळ्यात वाईट आकडा उचलतो. एक वही करा. शंका त्यात लिहा आणि पुढच्या भेटीत वही डॉक्टरांपुढे उघडा.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला "काही नको" म्हणणं

नेमकं काम सांगा: गुरुवारी मुलाला क्लासला सोड, केमोच्या दिवशी सोबत ये, औषधांची बिलं फाईलला लाव. माणसांना मदत करायची असते, काय करायचं ते त्यांना सुचत नाही. पैशांचा प्रश्न असेल तर संकोच करू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल पहिल्याच आठवड्यात विचारा.

आरसा टाळणं

स्तन काढल्यावरचं ड्रेसिंग सुटलं, तेव्हापासून मी दोन महिने अंधारात कपडे बदलले. शेवटी परिचारिकेने हात धरून आरशापुढे उभं केलं. एकटीने बघवत नसेल तर कुणाला तरी सोबत घ्या, पण फार लांबवू नका. आतून कप्पा शिवलेला ब्लाउज आणि त्यात हलकी कापडी गादी एवढ्याने सुरुवातीचे दिवस निघतात. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी माप घेताना एक शब्द विचारला नाही, दुसऱ्या दिवशी कप्पा शिवून दिला. त्यानंतर मी पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेले.

नवरा लांब राहतो म्हणून त्याला आपला किळस येतो, असं परस्पर ठरवू नका. पुष्कळदा टाके दुखतील म्हणून तो घाबरलेला असतो. आम्ही हे बोलायला आठ महिने घालवले. कोरडेपणा, वेदना असतील तर डॉक्टरांना सांगा. हार्मोनची मलमं मनाने लावू नका.

उपचार संपले म्हणजे सगळं संपलं, असं मानणं

मला सगळ्यात जास्त याबद्दल सांगायचं आहे. शेवटचा शेक झाला त्या दिवशी घरी पेढे आले. दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेले आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हमसाहमशी रडले. उपचार चालू असताना रोज कुणीतरी बघत होतं, तपासत होतं. आता कुणीच नव्हतं. हे इतक्या जणींच्या बाबतीत होतं, पण आधी कुणी सांगत नाही.

मग प्रत्येक दुखणं तेच वाटू लागतं. पाठ दुखली की हाडात गेला, खोकला आला की फुप्फुसात. मी एक नियम केला: दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं किंवा वाढत गेलं तर फोन करायचा. नवी गाठ, हाताला सूज, दम लागणं असेल तर वाट बघायची नाही. तक्रार नसताना दर वेळी मोठा स्कॅन मागू नका. वर्षाची मॅमोग्राफी आणि ठरलेल्या भेटी मात्र चुकवू नका.

ज्यांचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असतो, त्यांना हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या ५ ते १० वर्षं घ्याव्या लागतात. त्यांनी अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, चिडचिड होते. कंटाळून परस्पर बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्रास सांगा, गोळी बदलता येते.

उदासीला आळस समजणं

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर मन घट्ट करत बसू नका. आपल्या डॉक्टरांकडे समुपदेशक मागा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मानसोपचाराची गोळी सुरू झाली तर टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी चालू असल्यास तिथे आवर्जून सांगा, कारण पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं तिचा परिणाम कमी करतात.

योगानेही मदत होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे चांगले निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले. तो योग उपचारांच्या जोडीने, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली होता, हे विसरू नका.

मी समुपदेशकाकडे गेले ती पेढ्यांच्या दिवसानंतर पाच महिन्यांनी. पहिली दहा मिनिटं एक शब्द फुटला नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि विचारलं, "आज इथवर कशा आलात?" लोकलची गर्दी सांगता सांगता मी रिपोर्टपर्यंत आले, गव्हाच्या डब्यामागच्या.