श्रीलंकेला जाताना महिना पाहून किनारा निवडावा

मैत्रिणीबरोबर चार दिवस समुद्रकाठी निवांत घालवायचे म्हणून श्रीलंकेचे तिकीट काढले जाते आणि जून महिन्यात बेंटोटा किंवा उनावटुना येथे पोहोचल्यावर समुद्र इतका खवळलेला असतो की पाण्यात उतरण्याची सोयच उरत नाही.

यावर उपाय साधा आहे.

१. हॉटेल पाहण्यापूर्वी महिना निश्चित करावा.

२. डिसेंबर ते मार्च या काळात जायचे असल्यास बेंटोटा, हिक्कडुवा, उनावटुना, मिरिसा हा नैऋत्य किनारा घ्यावा. मे ते सप्टेंबर या काळात मात्र पूर्वेकडील त्रिंकोमलीजवळचे निलावेली किंवा त्याच्या दक्षिणेचे पासिकुडा निवडावे, कारण नैऋत्य मोसमी पावसाचा जोर तिकडे पोहोचत नाही. दोघींपैकी एकीला पोहता येत नसेल, तर पासिकुडाच उत्तम; तेथील उपसागर इतका उथळ आहे की बऱ्याच अंतरापर्यंत कमरेएवढ्या पाण्यात चालत जाता येते.

३. कोलंबोहून पूर्व किनारा गाठण्यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो, म्हणून वाटेत दंबुल्ला येथे एक मुक्काम करून तेथील लेणी पाहावीत. विश्रांतीसाठी निघालेल्यांनी पहिल्याच दिवशी थकून जाण्यात अर्थ नाही.

दिवस ठरवताना पौर्णिमा मात्र तपासावी. प्रत्येक पौर्णिमेला तेथे 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी मद्यविक्री पूर्णपणे बंद राहते.