रंगभूमीवरून मूकपटात गेलेल्या नटाची कारकीर्द कशी जुळवावी

पणजोबा नाटक कंपनीत होते, पुढे सिनेमात दिसले, एवढीच माहिती बहुतेक घरांत उरलेली असते. सोबत दोन-तीन फोटो, क्वचित एखादं मेडल. एवढ्यावरून कारकीर्द उभी करता येते, पण सुरुवात चित्रपटांच्या याद्यांपासून करू नये. आधी नाव पक्कं करावं.

एका कागदावर त्या माणसाची सगळी नावं लिहा: जन्मनाव, वडिलांचं नाव, आडनाव, मूळ गाव, कंपनीत हाक मारायचं नाव, जाहिरातीत छापलेलं नाव. स्त्रियांच्या बाबतीत तर हे केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त (१९२०) गुलाबबाई पडद्यावर ‘कमलादेवी’ झाल्या, तर अनसूयाबाई ‘सुशीलादेवी’. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) आई दुर्गाबाईंबरोबर काम करणाऱ्या कमलाबाई कामत लग्नानंतर गोखले झाल्या. नाव एकाच रूपात शोधलं, तर निम्मी कारकीर्द हाती लागत नाही. शोध ‘भूमिका’ या रकान्यापुरताही ठेवू नका. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले आणि ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम व सीता या दोन्ही भूमिका करणारे अण्णा साळुंके पुढे छायाचित्रणाकडे वळले. छायाचित्रण, रंगभूषा, व्यवस्था अशा सगळ्या नोंदी चाळाव्यात.

मग नाटकाची वर्षं. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण तेच नाटक अनेक कंपन्या करत. ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. १९१३ मध्ये बालगंधर्व तिथून बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तीही ते करू लागली. १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ गंधर्व आणि ललितकलादर्श यांनी मिळून केला. त्यामुळे ‘मानापमानात काम केलं’ या घरगुती आठवणीवरून कंपनी ठरत नाही. नाटक, कंपनी, गाव आणि तारीख या चारही गोष्टी एकाच कागदावर मिळाल्या, तरच नोंद पक्की धरावी.

असा कागद म्हणजे हँडबिल, वर्तमानपत्रातली जाहिरात, परीक्षण किंवा कंपनीची कीर्दवही, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. जाहिरात खेळाच्या आधी छापली जाते. नट आजारी पडला की ऐनवेळी पात्र बदलतं, जाहिरात मात्र तशीच राहते. म्हणून जाहिरातीवरून केलेल्या नोंदीपुढे ‘जाहीर’ आणि परीक्षणावरून केलेल्या नोंदीपुढे ‘झाला’ असं लिहावं. कीर्दवही सर्वांत भरवशाची, कारण पगार कुणाला दिला ते तिच्यात असतं. ती मोडीत असेल तर घाई नको. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे नाव आणि आडनाव कुठे तुटतं यातच गफलत होते. जाणकाराकडून वाचून घ्यावं आणि मूळ पानाचा फोटो नोंदीला जोडून ठेवावा.

तारीख शकात असेल, तर सरसकट ७८ मिळवू नका. चैत्र ते कार्तिक या महिन्यांना ७८, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्ष आणि पौष दोन इंग्रजी वर्षांत विभागले जाऊ शकतात, त्यांसाठी जुनं पंचांग उघडावं. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला, तेव्हा फाल्गुन, शके १८५२ चालू होतं. ७८ मिळवले असते तर १९३० आलं असतं, आणि नटाची बोलपटातली नोंद बोलपटाच्याही आधीची ठरली असती.

चित्रपटाकडे आता वळावं. एकाच चित्रपटाची तीन वर्षं सापडू शकतात: चित्रीकरणाचं, सेन्सॉर प्रमाणपत्राचं आणि गावात लागल्याचं. मुंबईत सेन्सॉर बोर्ड १९२० साली आलं; त्याआधीच्या चित्रपटांसाठी थिएटरची जाहिरात हाच मुख्य आधार. एकाच कथेवर पुन्हापुन्हा चित्रपट निघाले, हेही ध्यानात ठेवा. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली काढला आणि १९१७ साली तोच विषय पुन्हा केला. आज उरलेला भाग यांतल्या कोणत्या चित्रपटाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नुसतं नाव पाहून नटाची नोंद चिकटवू नये.

लांबी फुटांत दिलेली असते आणि ती ओळख पटवायला फार उपयोगी पडते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). सेकंदाला १६ चौकटी या वेगाने १,००० फूट सुमारे १६ मिनिटं ४० सेकंद चालतात. बोलपटाच्या २४ च्या वेगाने ११ मिनिटंच. जुना चित्रपट २४ वर चालवलेल्या प्रतीत माणसं तुरुतुरु धावतात ती यामुळेच. तशी प्रत पाहून नटाच्या अभिनयावर मत देऊ नका, आधी वेग तपासा.

फोटोंवरून रंगांचा अंदाज बांधू नये. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती: लाल शालू आणि रंगवलेले ओठ काळे दिसतात, निळं कापड पांढरट. मागे रंगवलेला पडदा आहे म्हणून फोटो नाटकाचाच असंही नाही. छायाचित्रकाराच्या स्टुडिओतही तसेच पडदे असत. फोटो उलटून शिक्का आणि पेन्सिलीचं लिखाण आधी टिपा. दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयला स्कॅन करा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच; डिंक कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो.

घरात फिल्मचा तुकडा किंवा डबा निघाला, तर तो नायट्रेटचा, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही फिल्मचा, असल्याचं धरूनच चालावं. चिकटपणा, उग्र वास, तपकिरी भुकटी ही कुजण्याची लक्षणं. ही फिल्म स्वतःच प्राणवायू पुरवत जळते, पाण्याने विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीत अशा फिल्मचा मोठा साठा गेला. प्रोजेक्टरवर चढवू नका, दिव्याजवळ किंवा उन्हात धरू नका, राहत्या खोलीतून हलवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. कुरिअरने पाठवू नये.

आणि १९३१ पाशी वही मिटवू नका. मूकपट त्यानंतरही काही वर्षं निघत होते, तर गाता गळा असलेल्या नाटकवाल्यांना बोलपटाने नव्याने बोलावलं. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आहेत ते त्यामुळेच. ज्यांना ते जमलं नाही, त्यांची नावं पुढच्या दहा वर्षांच्या श्रेयनामावलीत किरकोळ भूमिकांपुढे, आणि फिरत्या नाटक कंपन्यांच्या हँडबिलांवर शोधावीत.