शिरोरेषा तुटू देऊ नका : मराठी मजकुराला अ‍ॅनिमेशन प्रीसेट लावताना या चुका टाळा

दिवाळी सरली की सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस सुरू होतात आणि दशावतारी नाटकांच्या जाहिराती, देवस्थानांची निमंत्रणे मोबाइलवर फिरू लागतात. पुढे शिमग्याच्या पालख्यांची वेळापत्रके येतात, मग हापूसच्या पेट्यांच्या आणि मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासांच्या जाहिराती, आणि भाद्रपदात गणपती. या चित्रफितींवरचा मराठी मजकूर हलता करण्याचे काम कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण अशा ठिकाणी लहानशा खोल्यांत बसून केले जाते. सॉफ्टवेअर बहुधा अ‍ॅडोबीचे आफ्टर इफेक्ट्स असते, आणि हाती वेळ नसल्यामुळे तयार प्रीसेट (आधीच बांधून ठेवलेल्या हालचाली) लावले जातात. मीही हेच काम करतो. प्रीसेट वापरण्यात कमीपणा काही नाही. मात्र ते बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुटी सुटी उभी राहणारी रोमन अक्षरे होती, आणि आपल्यासमोर शिरोरेषेने बांधलेला अखंड शब्द असतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

अक्षरे तपासण्याआधीच प्रीसेट लावणे

मजकूर स्थिर असतानाच चुकीचा उमटत असेल, तर तो हलवून सुधारणार नाही. तपासणीसाठी कोकणातील गावांची नावे फार उपयोगी पडतात. ‘सिंधुदुर्ग’ या एका शब्दात ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, दोन उकार आणि रफार आहेत, ‘रत्नागिरी’त त्न हे जोडाक्षर आणि दोन्ही वेलांट्या आहेत, ‘श्रीवर्धन’मध्ये श्र आणि रफार आहे, ‘हर्णै’मध्ये तर रफार आणि दोन मात्रा एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. ही चार नावे टाइप करून ती कागदावर लिहिल्यासारखी दिसतात का, एवढे आधी पाहावे.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि पडद्यावर तिला व्यंजनाच्या डावीकडे आणून बसवणे हे मजकूर मांडणाऱ्या इंजिनाचे काम असते. केवळ लॅटिन लिपीसाठी असलेले इंजिन हे काम करत नाही, म्हणून वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते आणि रफार पाय मोडलेल्या ‘र’सारखा ओळीत उभा राहतो. ज्या आवृत्त्यांत निवड करावी लागते, तेथे प्रेफरन्सेसमधील टाइप विभागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ असे करावे, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे आणि मजकूर नव्या टेक्स्ट लेयरवर (मजकुराच्या थरावर) टाइप करून पाहावा.

छापखान्याकडून आलेला मजकूर हा वेगळा प्रश्न आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली निमंत्रणपत्रिका चिकटवली की रोमन अक्षरे आणि चिन्हांची गिचमिड दिसते. अशा वेळी फॉन्ट बदलत बसू नये. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मूळ पत्रिकेशी शब्दन् शब्द ताडून पाहावा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हेही पाहावे. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ते तसे आहेत. जाड, ठसठशीत अक्षर हवे असेल तर ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ घेता येतात.

‘टाइपरायटर’ जसाच्या तसा लावणे

एक एक अक्षर टंकल्यासारखे उमटवणारा हा प्रीसेट माझ्या पाहण्यात सर्वाधिक वापरला जातो आणि मराठीत सर्वाधिक बिघडतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेच्या निमंत्रणावर मी तो काहीही न बदलता लावला होता. माझ्या लॅपटॉपवर शब्द इतके झरझर आले की दोष दिसला नाही. देवळासमोरच्या मोठ्या एलईडी पडद्यावर मात्र ग्रामदेवतेच्या नावातील वेलांटी आधी एकटी उमटली, अक्षर मागून आले, आणि तोवर शिरोरेषेचे तुकडे हवेत लटकत राहिले. देवीचे नाव असे मोडून दाखवू नये, असे एका वयस्कर मानकऱ्यांनी मला शांतपणे सांगितले. त्या दिवसापासून अक्षरागणिक चालणारा कोणताही प्रीसेट मी आतून तपासल्याशिवाय वापरलेला नाही.

आतून हा प्रीसेट अगदी साधा आहे. टेक्स्ट लेयरवर एक अ‍ॅनिमेटर (हालचाल घडवणारा गट) असतो, त्यात ऑपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य केलेली असते, आणि हालचाल मजकुराच्या कोणत्या भागाला लागेल ते ठरवणाऱ्या रेंज सिलेक्टरमधील ‘स्टार्ट’ ही किंमत शून्यापासून १०० टक्क्यांपर्यंत सरकते. सिलेक्टर ज्या भागावरून पुढे गेला तो भाग दिसू लागतो. हा भाग कशाने मोजायचा, ते रेंज सिलेक्टरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागातील ‘बेस्ड ऑन’ ठरवते. तेथे ‘कॅरेक्टर्स’ असते, ते बदलून ‘वर्ड्स’ करावे. आता शब्द अखंड येतो, शिरोरेषा शाबूत राहते आणि वाचणाऱ्याची नजरही अडखळत नाही. ‘फेड अप कॅरेक्टर्स’ऐवजी ‘फेड अप वर्ड्स’ निवडणे हाच उपाय दुसऱ्या वाटेने करता येतो. शब्द हळूहळू न उजळता एकदम यावेत असे वाटत असेल, तर त्याच विभागातील ‘स्मूदनेस’ शून्यावर आणावे.

तरीही एखाद्या कामात टंकलेखनाचाच परिणाम हवा असतो. होडीवर रंगवलेल्या नावाप्रमाणे एक एक अक्षर उमटावे, ही मागणी रास्त आहे. त्यासाठी प्रीसेट बाजूला ठेवून ‘सोर्स टेक्स्ट’लाच (मूळ मजकुराला) की-फ्रेम, म्हणजे ठरावीक क्षणी किंमत बदलणाऱ्या खुणा, द्याव्यात: पहिल्या की-फ्रेमवर ‘सिं’, दुसरीवर ‘सिंधु’, तिसरीवर ‘सिंधुदु’ आणि चौथीवर ‘सिंधुदुर्ग’. या की-फ्रेम मधल्या अवस्था तयार करत नाहीत, एका मजकुरावरून थेट दुसऱ्यावर जातात, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर पूर्ण आणि शुद्ध अक्षरच दिसते. मजकूर डावीकडून जुळवलेला असावा; मध्यभागी जुळवलेला असल्यास प्रत्येक अक्षरागणिक अख्खा शब्द सरकत राहतो. चार अक्षरांसाठी चार की-फ्रेम हा खटाटोप फार नाही, आणि शीर्षकाच्या एका शब्दासाठी तो जरूर करावा.

लांब ओळ असेल तर ‘लिनिअर वाइप’ हा इफेक्ट बरा. ‘ट्रान्झिशन कम्प्लिशन’ १०० वरून शून्यावर आणले की ओळ एका कडेकडून उलगडत जाते आणि एकही मात्रा जागची हलत नाही. उलगडण्याची दिशा उलटी वाटली, तर ‘वाइप अँगल’ १८० अंशांनी फिरवावा.

‘वर्ड्स’ केले तरी शब्द मोडतो तेव्हा

मोठे होत येणारे किंवा गोल फिरत येणारे प्रीसेट लावल्यावर अनेकांना हा अनुभव येतो, आणि ‘बेस्ड ऑन’ बदलूनही उपयोग झाला नाही म्हणून ते प्रीसेट सोडून देतात. कोणता भाग हलणार हे सिलेक्टर ठरवतो; पण तो कोणत्या बिंदूभोवती हलणार हे टेक्स्टच्या ‘मोअर ऑप्शन्स’मधील ‘अँकर पॉइंट ग्रुपिंग’ ठरवते, आणि तेथे मूळ निवड ‘कॅरेक्टर’ अशीच असते. त्यामुळे शब्द एकत्र निवडला गेला, तरी त्यातील प्रत्येक अक्षर आपापल्या बिंदूभोवती फिरते आणि शिरोरेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसते. ही निवडही ‘वर्ड’ केली की दोष जातो.

त्याखालील ‘ग्रुपिंग अलाइनमेंट’ फारसे कोणी उघडत नाही, पण मराठीसाठी ते फार मोलाचे आहे. रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते, म्हणून बिंदूही मुळात तळरेषेवर असतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. येथील दोन किमतींपैकी दुसरी, उभ्या दिशेची किंमत उणे करत नेली की बिंदू वर सरकतो. तो शिरोरेषेपाशी आणून ठेवला, तर शब्द दोरीला बांधलेल्या पताकेसारखा झुलतो आणि ती हालचाल आपल्या लिपीला शोभते. नेमकी किंमत फॉन्टवर अवलंबून असल्याने ती डोळ्यांनीच ठरवावी लागते.

‘थ्रीडी टेक्स्ट’ या फोल्डरमधील प्रीसेट प्रत्येक अक्षराला वेगळी खोली देतात. तेथे पूर्ण लेयरच थ्रीडी करून फिरवणे अधिक चांगले.

ट्रॅकिंग, कडा आणि अर्धपारदर्शक सांधे

अक्षरांमधील अंतर हळूहळू वाढवणारे ‘ट्रॅकिंग’चे प्रीसेट रोमन अक्षरांत डौलदार दिसतात. मराठीत अंतर वाढताच शिरोरेषेला भेगा पडतात. तसाच परिणाम हवा असल्यास अंतर शब्दांमध्ये वाढवावे, म्हणजे प्रत्येक शब्दाचा वेगळा लेयर करून ते एकमेकांपासून दूर न्यावेत, किंवा संपूर्ण ओळ दहा-बारा सेकंदांत किंचित मोठी करावी.

‘फिल अँड स्ट्रोक’मधील (अक्षराचा भराव आणि कड बदलणारे) प्रीसेट लावल्यावर शब्दाच्या आतच उभ्या रेघा दिसू लागतात. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा जेथे एकमेकींवर चढतात, तेथे प्रत्येक अक्षराची कड वेगळी रंगवली गेल्यामुळे हे घडते. ‘मोअर ऑप्शन्स’मधील ‘फिल अँड स्ट्रोक’ येथे ‘ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स’ निवडावे, म्हणजे कडा सर्व अक्षरांच्या मागे जातात आणि शब्दाला बाहेरून एकच सलग किनार मिळते. याच सांध्यांवर मजकूर अर्धपारदर्शक असताना गडद ठिपकेही दिसतात. अ‍ॅनिमेटरमधील ऑपॅसिटी प्रत्येक अक्षराला वेगळी लागते, हे त्याचे कारण. उजळणे-मावळणे लेयरच्या स्वतःच्या ऑपॅसिटीने केल्यास ठिपके राहत नाहीत.

मजकूर भलत्याच जागी किंवा भलत्याच वेळी येणे

हे दोष लिपीचे नाहीत, पण वेळ सर्वाधिक यांतच जातो. अ‍ॅडोबीचे टेक्स्ट प्रीसेट ७२० × ४८० मापाच्या कंपोझिशनमध्ये (चित्रचौकटीत), ७२ पॉइंटच्या ‘मिरियड प्रो’ फॉन्टवर तयार केलेले आहेत. आपण आज मोबाइलसाठी १०८० × १९२० असे उभे काम करतो. चौकटीबाहेरून आत येण्यासाठी ठेवलेले अंतर या मोठ्या चौकटीत अपुरे पडते आणि मजकूर बाहेरून येण्याऐवजी मधूनच उगवतो. लेयर निवडून ‘यू’ ही कळ लागोपाठ दोनदा दाबावी. बदललेल्या सर्व किमती समोर येतात. त्यांतील अ‍ॅनिमेटरची ‘पोझिशन’ वाढवावी. लेयरची स्वतःची पोझिशन हलवली, तर मजकूर शेवटी जेथे थांबायला हवा ती जागाही बदलते.

प्रीसेटच्या की-फ्रेम टाइमलाइनवरील काळदर्शक जेथे उभा असेल तेथून सुरू होतात. प्रिव्ह्यू पाहून तो चौथ्या सेकंदावर राहिला असेल, तर मजकूर चार सेकंद दिसणारच नाही. प्रीसेट लावण्यापूर्वी काळदर्शक लेयरच्या आरंभावर आणण्याची सवय लावून घ्यावी.

एक प्रीसेट आवडला नाही म्हणून त्यावर दुसरा लावणे ही आणखी एक चूक. नवा प्रीसेट जुन्याला हटवत नाही, त्याच्या जोडीला दुसरा अ‍ॅनिमेटर उभा करतो आणि दोघांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. कंट्रोल-झेडने आधीचा काढावा किंवा टाइमलाइनवरील अ‍ॅनिमेटर निवडून पुसून टाकावा. मजकूर अचानक दिसेनासा झाला, तरी आधी किती अ‍ॅनिमेटर साठले आहेत ते मोजावे.

गतीही प्रीसेटने दिलेली तशीच ठेवू नये. पालखीच्या वेळापत्रकात वाडीचे नाव, तारीख आणि वेळ असते, आणि ते वाचणारे आजी-आजोबाही असतात. ओळ पूर्ण आल्यावर ती मोठ्याने दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर राहावी, असा माझा नेम आहे. त्यासाठी प्रीसेटच्या सर्व की-फ्रेम निवडून, ऑल्ट दाबून शेवटची की-फ्रेम ओढावी. मधल्या की-फ्रेम त्याच प्रमाणात पसरतात किंवा आवळतात. एकच की-फ्रेम ओढल्यास हालचालीचा तोल बिघडतो.

सुधारलेला प्रीसेट जपून न ठेवणे

एवढी दुरुस्ती करून ती एकाच कामात पुरून टाकू नये. टाइमलाइनवर फक्त अ‍ॅनिमेटर निवडावा आणि अ‍ॅनिमेशन मेनूतील ‘सेव्ह अ‍ॅनिमेशन प्रीसेट’ वापरावे. तो ‘यूजर प्रीसेट्स’मध्ये एफएफएक्स फाइल म्हणून साठतो. संपूर्ण ‘टेक्स्ट’ गट निवडून साठवल्यास ‘सोर्स टेक्स्ट’ही त्यात जाते, आणि पुढच्या वेळी वेंगुर्ल्याच्या कामावर गेल्या वर्षीचे देवगडचे शीर्षक येऊन बसते. ‘अँकर पॉइंट ग्रुपिंग’ अ‍ॅनिमेटरच्या बाहेर असल्यामुळे केवळ अ‍ॅनिमेटरसोबत ते साठत नाही; कंट्रोल दाबून तेही निवडून घ्यावे. हा फोल्डर आवृत्तीच्या नावाने असतो, म्हणून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतल्यावर फाइली स्वतः तिकडे नेऊन ठेवाव्यात.

काम दुसऱ्या संगणकावर न्यायचे असेल, तर ‘कलेक्ट फाइल्स’मध्ये चित्रे आणि आवाज गोळा होतात, फॉन्ट मात्र सोबत जातीलच असे धरू नये. फॉन्ट सापडला नाही की सॉफ्टवेअर दुसराच लावते आणि काळजीपूर्वक ठरवलेली ‘ग्रुपिंग अलाइनमेंट’ची किंमत चुकते. परवाना अनुमती देत असेल तर फॉन्टची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि रेंडरला (अंतिम चित्रफीत तयार करायला) लावण्यापूर्वी त्या संगणकावर ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘हर्णै’ पुन्हा एकदा टाइप करून पाहावे.